निमकी

आज मॅच नाही, तरी जिममधला स्कोअरबोर्ड लावलाय,
कारण प्रत्येकाला बोलायला दोनच मिनिटं
आणि ती मोजायला ऑफिसातून मला बसवलंय.
यजमान शून्य, पाहुणे शून्य.
मधे लाल आकडे. २:००.
एकोणीस वर्षं झाली ओहायोत,
मी कुठल्या रकान्यात, अजून ठरलेलं नाही.

पहिले वॉल्टर क्रेन्झ, एक्याऐंशीचे, टोपी काढून हातात.
'माझी पोरं कधीच टेक्सासला गेली.
पेन्शन तेवढीच. घरपट्टी मात्र दरवर्षी बाळसं धरते.'
मागून कुणीतरी हुर्यो केली.
मला नाही करवली. म्हातारा खोटं बोलत नव्हता.

मग लॅव्हर्न ओडम, सात नंबरच्या बसची ड्रायव्हर:
'दोन शाळांची एक केलीत की माझी फेरी सत्तर मिनिटांची.
पहिलीतली पोरं सव्वासहाला हायवेच्या कडेला उभी राहणार.
तुमच्यातलं कुणी उभं राहिलंय तिथे, जानेवारीत?'
मंडळाचे सातहीजण एकदम कागदात बघू लागले.

एकजण नुसता जर्सीसाठी भांडला.
बत्तीस वर्षं ज्यांना हरवत आलो, त्यांचाच रंग अंगावर घालायचा?
सगळे हसले. तोही हसला,
मग त्याला पुढचं वाक्यच सापडेना,
आणि चाळीस सेकंद तशीच गेली.

पवित्रा घिमिरे आली, शेजारी तिची मुलगी, चौथीतली.
आई नेपाळीत बोलायची, मुलगी इंग्रजीत सांगायची,
म्हणजे दोनाचं एकच मिनिट.
नेपाळी मला अर्धंमुर्धं कळतं.
आई सांगत होती वाचनाच्या बाईंबद्दल,
त्यांनी पोरीला पहिलं पुस्तक घरी नेऊ दिलं त्याबद्दल,
रात्री पोरगी ते उशाखाली घेऊन झोपली त्याबद्दल.
पोरगी लाजली, म्हणाली, 'आई म्हणते, प्लीज नको.'
घड्याळ मी थांबवून ठेवलं होतं.
कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं.

तक्ता मीच टाइप केलाय.
ओळ चौदा: नर्स, ०.५.
ओळ बावीस: संगीत, ०.२५.
दिवेलागणीला बाबा पावकी, निमकी, पाऊणकी म्हणून घ्यायचे,
मी चिडायचे, कुठे कामाला येणार हे?
आलं, बाबा. निमकी नर्स, पावकी गाणं.
सोमवारी दम लागलेल्या पोराने
मंगळवारपर्यंत श्वास धरून बसायचं.
वजाबाकीत कमी पडलं
तर दशकाच्या घरातून एक उसना घ्यावा, असं शिकले.
इथे घरोघर तोच उसना मागून झालाय,
क्रेन्झच्या घरीसुद्धा.
ओळ एकतीस: पगारपत्रकाची कारकून, ०.५.
मी टाइप करताना बोट अडखळलं नाही. नंतर चहा सांडला.

'निर्णय अजून झालेला नाही,' अधीक्षक तिसऱ्यांदा सांगतात,
'आम्ही तुमचं ऐकायला आलोय.'
ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात याला.
पुनर्रचित शाळेच्या नव्या पाटीचं बिल
गेल्या गुरुवारपासून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
अकराशे चाळीस डॉलर. अक्षरं पितळी.

'आणखी कुणी?'
खुर्च्या कुरकुरतात. लॅव्हर्न स्वेटर चढवते.
पवित्राची पोरगी आईच्या मांडीवर पेंगलीये.
मी बोर्डावर पुन्हा २:०० लावते,
ड्रॉवरमधला कागद आज पर्समध्ये आहे, तो चाचपते.
माझी वेळ मोजायला कुणी नेमलेलं नाही.
बटण दाबते आणि उठते.
माईक त्या टोकाला, दुसऱ्या बास्केटखाली.
पोचेतो १:४१.